पिवळा की नारिंगी

बदलापूरला, शिरगावातल्या त्यांच्या सोसायटीत त्यांना सगळे रॉकेलवाले सर म्हणत. यात कुणाचा दोष नव्हता. ते राहायला आले तेव्हा सेक्रेटरींनी व्यवसाय विचारला आणि सरांनी खरं ते सांगितलं, की मी केरोजनचं वर्गीकरण करतो. सेक्रेटरींनी 'केरोसीन' असं लिहून घेतलं आणि रेशनवरचं बंद का झालं, याचा जाब विचारला. सरांनी त्यांना खुर्चीत बसवून सगळं समजावलं. चहा निवला. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे रॉकेलच ना?"

"रॉकेलचे पणजोबा," सर म्हणाले. तेव्हापासून जिन्यात खेळणारी पोरं त्यांना पणजोबाही म्हणत, पण ते पाठीमागे.

मी त्यांच्या हाताखाली काम केलं ते अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत. एका गाळ्यात आमची प्रयोगशाळा होती. डावीकडे मसाल्याचा कारखाना, उजवीकडे पुठ्ठ्याचे खोके बनवणारे. तेलाच्या विहिरी खणणाऱ्या कंपन्या खोल जमिनीतून वर आलेला दगडाचा चुरा लहान पिशव्यांतून आमच्याकडे पाठवत. पिशवीवर नुसता क्रमांक असे. विहीर कुठली, हे आम्हाला कधी कळलं नाही. आमचा भोईर तो चुरा आम्लात टाकी. त्यातलं एक आम्ल काचसुद्धा खातं, त्यामुळे भोईर त्याच्याशी नव्या जावयानं सासऱ्याशी वागावं तसा अदबीनं वागे. दगड विरघळून जाई आणि तळाशी चिमूटभर काळपट गाळ उरे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं शेवाळ, परागकण, पानांच्या साली, लाकडाचे तुकडे. तेच केरोजन. खोल गाडलं गेलं, नीट ऊब मिळाली, तर त्याचं तेल होतं किंवा वायू होतो. नाहीतर काहीच होत नाही. यातलं काय होणार, हे काचपट्टीवर थेंबभर गाळ घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचं, हा आमचा धंदा.

"दोनच प्रश्न," सर सांगायचे. "कशाचं बनलंय आणि किती शिजलंय. तिसरा विचारणाऱ्याला बाहेर बसवा."

पहिल्या प्रश्नाला चार उत्तरं होती. पहिला प्रकार तळ्यातल्या शेवाळाचा, तो जवळजवळ सगळाच तेल होतो. दुसरा समुद्रातला, तेलही देतो आणि वायूही. तिसरा लाकूडफाट्याचा, त्यातून मुख्यतः वायू. आणि चौथा म्हणजे गाडलं जाण्याआधीच जळून किंवा सडून गेलेलं काहीतरी, ज्यातून काही निघत नाही. हे चार प्रकार सरांनी दगडापुरते ठेवले असते तर त्यांना मित्र जास्त मिळाले असते. सोसायटीचे सेक्रेटरी तिसरा प्रकार होते. "थोडा दाब दिला की वायू," सर म्हणत. आमचे मालक दुसरा. नाक्यावर वाढदिवसाचे बॅनर लावणारे सगळे तिसरे, आणि बॅनरवर ज्यांचे फोटो असत ते चौथे. भोईरला त्यांनी पहिला प्रकार दिला होता. भोईरनं त्याचा अर्थ पहिला नंबर असा घेतला आणि घरी पेढे नेले.

मला प्रकार दिला नाही. मी रुजू झाले त्या दिवशी सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पिवळी आहेस अजून. घाई करू नकोस."

हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं. किती शिजलं, ते परागकणाच्या रंगावरून कळतं. कच्चा असेल तर फिका पिवळा. तेल व्हायच्या बेताला आला की नारिंगी. पुढे तपकिरी, म्हणजे तेलाची वेळ गेली, आता वायू. शेवटी काळा. ज्यानं कढईत कांदा परतलाय त्याला यात नवीन काही नाही. सर तर चहासुद्धा याच मापानं मोजत. टपरीवर दोन बोटांत ग्लास धरून उजेडात बघायचे आणि सांगायचे, "आज तेलाची वेळ टळली." टपरीवाल्याला वाटे, गॅस संपल्याचं बोलतायत.

रंग ताडून बघायला एक प्रमाण-संच असतो. ठरलेल्या रंगांच्या काचपट्ट्या, एका मखमली पेटीत ओळीनं लावलेल्या. नियम असा, की आपण पाहिलेला रंग त्यांच्याशी जुळवायचा आणि मगच लिहायचा. आमचा संच परदेशातून आला होता आणि सरांच्या कपाटात कुलपात होता. मी एकदा मागितला.

"तुझं नाव आठवायला रोज आधार कार्ड बघतेस का?" त्यांनी विचारलं. पेटी कुलपातच राहिली.

त्यांच्या डोक्यात रंग पक्के बसलेले होते, हे खरंच होतं. मी शिकले ते त्यांच्याकडे बघूनच. तोंडाच्या एका कोपऱ्यात लवंग, पांढरा शुभ्र शर्ट, बाह्या कोपराच्या वर, आणि काचेला डोळा लावून मोठ्यानं उच्चारलेला रंग. मी शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर तीच पट्टी बघायची आणि माझा रंग सांगायचा. जमला नाही की दोनच शब्द मिळत. "नीट बघ." त्यात राग नसे. घरी कुणी 'जेवून घे' म्हणावं तसं ते म्हणत.

सुरुवातीला आमचं जमायचं. मग हळूहळू जमेनासं झालं. मी पिवळा म्हणायचे, ते नारिंगी म्हणायचे. मी नारिंगी म्हणायचे, ते तपकिरी. "नीट बघ." मी नीट बघायचे. तरी पिवळाच दिसायचा. अहवालात नारिंगी लिहिलं जायचं, कारण सही त्यांची होती आणि त्यांचं चुकत असेल ही शक्यता आमच्या गाळ्यात कुणाला माहीत नव्हती. मला वाटे, माझ्यात काहीतरी कमी आहे.

त्यांनाही कुठेतरी खटकत असावं. कारण मग ते दिव्याच्या मागे लागले. दिवा पिवळट पडलाय म्हणून भोईरला रोज बल्ब बदलायला लावत.

"सर, नवाच हाय ह्यो. कालच लावलाय," भोईर म्हणे.

"मग फिल्टर."

फिल्टर बदलला. मग वीज. आनंदनगरचं व्होल्टेज कच्चं आहे, असं ठरलं. स्टॅबिलायझर आला. मग खिडकीच्या काचेवर मसाल्याच्या कारखान्यातली हळद बसते, असा शोध लागला आणि काचा पुसल्या गेल्या. त्या काळात आमचा गाळा अख्ख्या एमआयडीसीत सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत उजेडाचा होता.

दिव्याचं हे सगळं सुरू होण्याच्या थोडं आधी अंबरनाथच्या एका मंडळानं त्यांचा सत्कार केला होता. 'आपल्या मातीतले शास्त्रज्ञ' अशी काहीतरी मालिका होती. स्टेजमागच्या बॅनरवर सहा कार्यकर्त्यांचे मोठे फोटो, खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराचे सर, आणि त्यांच्याखाली 'ज्येष्ठ केरोसीन तज्ज्ञ'. अध्यक्षांनी भाषणात स्टोव्ह आणि कंदिलाच्या आठवणी सांगितल्या. सरांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि बोलायला उभे राहून एवढंच म्हणाले, की आज आपण तिसऱ्या प्रकाराचं उत्तम प्रात्यक्षिक पाहिलं. टाळ्या झाल्या.

मी काकूंच्या शेजारी बसले होते. सरांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. सोसायटीतल्या बाकीच्या बायका झगमगीत आल्या होत्या, काकू मात्र विटकरी रंगाच्या जुन्याच साडीत. मी सहज काहीतरी बोलले असेन. त्या हसून म्हणाल्या, "आजच्यासाठी नवी घेतली होती गं. उल्हासनगरातून. नेसायला काढली तर म्हणाले, राखी आहे, म्हातारीचा रंग. मी म्हटलं, अहो, नीट बघा. तर म्हणाले, मी दिवसभर दुसरं काय करतो?"

त्या हे गमतीनं सांगत होत्या. मीही हसले. नवऱ्याच्याच शब्दानं नवऱ्याला टोकणं मला आवडलं. पुढे चहा-वडे आले आणि विषय राहिला.

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. आजार कळेपर्यंत पुढे गेलेला होता. दिवसकार्य झाल्यावर सर कामावर आले, लवंग तोंडात टाकली आणि काचेला डोळा लावला. फक्त माणसांना प्रकार देणं थांबलं. भोईरनं एकदा त्यांना खुलवायला विचारलं, सर, मंग तुमचा नंबर कंचा? ते म्हणाले, "चौथा. त्यातून आता काही निघत नाही."

डोळ्याचं निदान उल्हासनगरच्या कापडबाजारात झालं. मी उल्हासनगरची. सिंधी दुकानदारांशी भाव करण्याचं शिक्षण मला घरातूनच मिळालेलं, म्हणून सर शर्ट घ्यायला मला सोबत नेत. त्या दिवशी मात्र ते भांडायला निघाले होते. नेहमीच्या दुकानातून घेतलेले पांढरे शर्ट पिवळे पडलेले निघाले, असं त्यांचं म्हणणं. दुकानदारानं घडी उलगडली, एकदा शर्टाकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि शर्ट घेऊन दुकानाबाहेर उन्हात गेला. आम्ही मागोमाग.

"साईं, ये तो दूध है," तो म्हणाला. "आप आँख दिखाओ."

"मी डोळे वटारत नाहीये," सर म्हणाले. "मी तक्रार करतोय."

"मुझे नहीं, साईं. डॉक्टर को दिखाओ."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. शर्ट उन्हात पांढराशुभ्र होता. मी मानेनंच हो म्हटलं. माणूस दिव्यावर, विजेवर आणि शेजारच्या हळदीवर संशय घेऊन झाला की शेवटी स्वतःपाशी येतो. पण सगळ्यात शेवटी.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. मोतीबिंदूनं डोळ्याचं भिंग पिवळं होत जातं, सावकाश, रोज इतकं थोडं की माणसाला कळत नाही. निळा, जांभळा आत पोचेनासे होतात आणि बाकीचं सगळं एक पायरी जास्त शिजलेलं दिसतं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. सर परत आले ते एकेक डोळा मिटून जगाकडे बघतच. आधी उजवा, मग डावा. भिंत, भोईर, चहा, आकाश. खोक्यांच्या गाळ्यातल्या बायकांनी मालकांकडे तक्रार केली, की तुमचे म्हातारे सर येता-जाता डोळा मारतात.

मग ते सूक्ष्मदर्शकाशी बसले. आदल्या महिन्यात आमचा ज्या पट्टीवरून वाद झाला होता, तीच लावली. नवा डोळा, जुना डोळा, पुन्हा नवा. मला वाटलं, आता रंग सांगतील. ते उठले, कपाट उघडलं, मखमली पेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तुझा पिवळा बरोबर होता," ते म्हणाले. "उद्यापासून सकाळी आल्यावर आधी ही पेटी. सगळ्यांनी. मीसुद्धा."

त्यानंतर त्यांनी जुन्या काचपट्ट्या काढायला सुरुवात केली. एकेक पट्टी घ्यायची, नव्या डोळ्यानं बघायची, पेटीशी जुळवायची, आणि तेव्हा अहवालात काय लिहिलं होतं ते मला संगणकावर वाचायला सांगायचं. ताज्या पट्ट्यांत बऱ्याच चुका. मागे जावं तशा कमी. मालक हवालदिल झाले. कुणी विचारलेलं नसताना कशाला उकरायचं, असं त्यांनी हळूच सुचवलं.

"आपला धंदाच उकरण्याचा आहे," सर म्हणाले, आणि कंपन्यांना दुरुस्तीची पत्रं गेली. बहुतेकांची छापील आभारपत्रं आली. एका कंपनीनं कळवलं, की ती जागा आम्ही तेल संपलेली समजून केव्हाच सोडली. ते पत्र सरांनी पुन्हा पुन्हा वाचलं. "संपलेलं नव्हतं," ते म्हणाले. "मला तसं दिसलं."

पण त्यांना अहवालांपेक्षा आणखी काहीतरी शोधायचं होतं, हे मला उशिरा कळलं. एका दुपारी त्यांनी पिशवीतून घडी केलेली साडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. घडी मोडलेली नव्हती. दुकानाची चिठ्ठीही तशीच पिनेनं लावलेली.

"रंग सांग."

"फिका जांभळा," मी म्हणाले. "जांभळ्या कोरांटीच्या फुलासारखा."

"राखी नाही?"

"नाही सर."

त्यांनी नवा डोळा मिटला आणि जुन्यानं साडीकडे पाहिलं. मग जुना मिटला. तसं करताना ते कुणाही म्हाताऱ्या माणसासारखे दिसले, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग त्यांनी मला सांगितलं. सत्काराच्या आठवड्यात ते जी विहीर बघत होते, तिच्या पट्ट्यांची पेटी त्यांनी बाजूला ठेवली होती. त्या विहिरीचं काम त्यांनी एकट्यानं केलं होतं, मी त्या आठवड्यात आम्लाच्या खोलीत होते. त्या पट्ट्या चुकल्या असतील, तर डोळा तेव्हाच गेलेला होता आणि राखी म्हणाले ते डोळ्यानं म्हणाले. पण त्या बरोबर असतील, तर डोळा शाबूत होता. "म्हणजे मग मी साडीकडे न बघताच बोललो," ते म्हणाले. "यात माझा हितसंबंध आहे. तू बघ."

ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मसाल्याच्या कारखान्याची भिंत आणि तिच्यावरचा पंखा.

मी आधी मखमली पेटी पाहिली, नियमाप्रमाणे. मग पट्टी लावली. कुठल्यातरी विसरलेल्या किनाऱ्यावरच्या झाडाचा पराग होता. गोल, तीन खाचांचा. मला कुठलं उत्तर यायला हवं आहे, ते मी मनातसुद्धा येऊ दिलं नाही. तेवढं त्यांनीच शिकवलं होतं. दुसरी पट्टी पाहिली, तिसरी पाहिली. संगणकावर त्यांचा जुना अहवाल उघडला. गडद नारिंगी, असं होतं.

"पिवळा," मी म्हणाले. "तिन्ही पिवळ्या आहेत, सर. तेव्हाच मोतीबिंदू होता."

मला वाटलं होतं, त्यांचे खांदे जरा सैल होतील. ते तसेच उभे राहिले. पलीकडे पंखा फिरत होता, मिरचीची धूळ बाहेर टाकत होता.

"त्या शर्टवाल्यानं शर्ट उन्हात नेला," ते म्हणाले. "तिनं नीट बघा म्हटलं होतं. खिडकी दोन पावलांवर होती."

मी साडी उचलून त्यांच्या पिशवीत परत ठेवली.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. सर अजून काही काळ काम करत राहिले, रोज सकाळी शाळकरी पोरासारखे पेटीसमोर बसून. माणसांचे प्रकार परत सुरू झाले नाहीत, पण टपरीवर ते पुन्हा ग्लास उजेडात धरू लागले. काम सोडलं त्या दिवशी त्यांनी ती साडी माझ्या हातात दिली. मी नको म्हणाले. ते म्हणाले, नेसायची तर नेस, नाही तर ठेव, पण वर्षातून एकदा खिडकीशी नेऊन बघत जा. पेटी मालकांची आहे, तुला प्रमाण म्हणून काहीतरी हवं.

मग नव्या दोन्ही डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी तोवर पन्नाशीकडे झुकले होते, केस पांढरे व्हायला लागले होते.

"अजून पिवळीच आहेस," ते म्हणाले.

आता ते नाहीत. आमचा गाळाही नाही, तिथे प्लास्टिकच्या बाटल्या बनतात. भोईर त्याच्या शेतावर बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मी पहिल्या प्रकारात होतो, असं नातवंडांना सांगतो. मी चिखलोलीला राहते. माझ्या खिडकीतून नव्या स्टेशनसाठी मोकळी ठेवलेली जागा दिसते. कोरांटी मी कुंडीत लावली होती, जगली नाही.

ती साडी मी कधी नेसले नाही. दुकानाच्या चिठ्ठीची ती पिन अजून तशीच आहे. दर वर्षी एका सकाळी घडी खिडकीशी नेते, उन्हात धरते आणि मोठ्यानं रंग उच्चारते. घरात कुणी ऐकलं तर हसतात. फिका जांभळा. कोरांटीसारखा. इतकी वर्षं उत्तर तेच आलं, आणि दर वर्षी उत्तर दिल्यावर मी जरा थांबायचे. कुणीतरी दुसऱ्या टेबलावरून ते मान्य करेल, म्हणून.

यंदा ती मला किंचित राखी वाटली.

मी खिडकीची काच पुसली नाही. ट्यूबलाइटकडे पाहिलं नाही. आधी उजवा डोळा मिटला, मग डावा. मग डॉक्टरांची वेळ घेतली, आणि साडी पुन्हा उन्हात नेऊन उभी राहिले. नीट बघत.